आयत्या रानावर नागोबा

नोव्हेंबर संपत आला की पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पिकअप ट्रकच्या हौद्यात आडवं पडलेलं हरीण आणि शेजारी केशरी टोपी घातलेला दाढीवाला माणूस. खाली प्रतिक्रियांची रांग लागते. "कसली ही माणसं!" "दयामाया म्हणून नाही." "सकाळी सकाळी असलं काही टाकू नका." याच ग्रुपवर मे महिन्यात काय चाललेलं असतं? हरणांनी टोमॅटोची रोपं बुडख्यापासून खाल्ली. ट्युलिपच्या कळ्या फस्त केल्या. रात्री कुणाच्या तरी नव्या गाडीवर हरीण आदळलं, बॉनेटचा चुराडा झाला. कुणाच्या मुलाला गोचीड चावली, लाइम रोगाच्या तपासण्या कराव्या लागल्या. मग तीच बोटं लिहितात, "यांचा बंदोबस्त करायला इथे कुणी आहे की नाही?"

आहे. तोच तो केशरी टोपीवाला.

शिकार ज्यांना पटत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. जीव घ्यायचा नाही ही भूमिका सरळ आहे आणि ती निष्ठेने पाळणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. माझं भांडण आहे ते नियमांचं एक पानही न उलटता मत ठोकून देणाऱ्यांशी. त्याहून जास्त भांडण आहे ते त्या नियमांमुळे जे रान वाचलं, त्यात दर रविवारी फुकट फिरून येणाऱ्यांशी. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांशी.

पेनसिल्व्हेनियाचंच उदाहरण घेऊ, कारण शिकारीचं वेड आणि शिकारीचा कायदा दोन्ही तिथे मुरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या राज्यातली जंगलं कुऱ्हाडीखाली गेली होती आणि हरीण जवळजवळ संपलं होतं. लांडगे संपले, एल्क संपले. कुणाला काही मर्यादाच नव्हती. बाजारात विकायला मारा, ऋतू कोणताही असो, पिल्लू असो की गाभण मादी. रानकबुतरांचे थवे आकाश झाकोळून टाकत असत म्हणतात. त्या पॅसेंजर पिजनची शेवटची मादी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली आणि जातच संपली. नियम नसलेली शिकार कुठवर जाते, ते अमेरिकेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मग शहाणपण आलं. 1895 मध्ये पेनसिल्व्हेनियाचं गेम कमिशन स्थापन झालं. 1900 मध्ये केंद्राचा लेसी कायदा झाला. एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं त्याने गुन्हा ठरवलं आणि बाजारासाठी शिकार करणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. 1907 मध्ये पेनसिल्व्हेनियाने हरणाच्या मादीला हात लावायला बंदी घातली. मिशिगनसारख्या ठिकाणांहून हरणं आणून इथल्या रानात सोडली. 1913 मध्ये पहिला परवाना निघाला, फी 1 डॉलर. त्याच वर्षी यलोस्टोनहून एल्क आणले. आज तुमच्या टोमॅटोवर तोंड टाकणारं हरीण आहे, ते या खटाटोपामुळे.

या सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. रानातला प्राणी जमीनमालकाचा नाही, तो सर्व लोकांचा आहे आणि राज्य त्याचं फक्त विश्वस्त आहे. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातही हा विचार ठळकपणे आला. इंग्लंडात रानातली शिकार राजाची, उमरावाची, जमीनदाराची होती. इथे मजुरालाही तीच फी, तोच हंगाम, तीच मर्यादा. तुमच्या पाच एकरांत हरीण चरत असलं तरी हंगामाबाहेर तुम्ही आपल्या मर्जीने ते मारू शकत नाही.

आता ते नियमांचं पुस्तक. परवाना घेणाऱ्यासाठी कमिशन दरवर्षी नियमांचा एक डायजेस्ट काढतं. वेबसाइटवर तो कुणालाही वाचता येतो. परवान्याचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. राज्यातल्या रहिवाशाची साधी फी जवळपास 21 डॉलर, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला शंभराच्या वर. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं. राज्याचे वीसहून अधिक विभाग पाडलेले आहेत आणि कुठल्या विभागात किती माद्या मारायच्या, तो आकडा दरवर्षी नव्याने ठरतो. मादीसाठी वेगळा परवाना लागतो. शिंगांचा नर मात्र वर्षाला माणशी एकच. तोही कोणताही चालत नाही. राज्याच्या बहुतेक भागात प्रौढ शिकाऱ्याला शिंगाच्या एका बाजूला किमान तीन फाटे मोजूनच बंदूक उचलावी लागते. हा फाट्यांचा नियम 2002 मध्ये आला तेव्हा त्यावर शिकाऱ्यांनी रान उठवलं होतं. कोवळे नर पहिल्याच वर्षी मारले जातात, त्यांना वाढू द्या, एवढंच जीवशास्त्रज्ञ सांगत होते. आज त्याच शिकाऱ्यांना दमदार शिंगांचे नर बघायला मिळतात आणि आवाज बराच खाली आला आहे.

हंगामांची आखणी तर मन लावून वाचण्यासारखी आहे. ऑक्टोबरात धनुष्यबाण. थँक्सगिव्हिंगनंतर जेमतेम दोन आठवडे रायफल. नाताळ झाला की जुन्या चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीचा हंगाम, एक बार आणि मग पुन्हा दारू ठासा. पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात, नोव्हेंबरअखेर ती आईविना जगण्याइतकी मोठी झालेली असतात, माजाचा काळही उलटत आलेला असतो. रायफलीचा हंगाम तेव्हाच का, याचं उत्तर हे आहे. 1963 पासून थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा हंगामाचा पहिला दिवस असे आणि त्या दिवशी ग्रामीण भागातल्या शाळा चक्क बंद ठेवत. 2019 मध्ये तो शनिवारवर आणला, कारण आठवडाभर राबणाऱ्या माणसाला आणि दूर शिकणाऱ्या मुलांना रजा न काढता जाता यावं. तरीही जुनी मंडळी अजून त्या सोमवारासाठी हळहळतात.

"मादी मारतात म्हणजे क्रूरपणाची हद्द झाली," हे वाक्य मी आपल्या घरांतून वारंवार ऐकतो. त्याचंही उत्तर या राज्याच्या अनुभवात आहे. 1907 नंतर माद्यांना पूर्ण अभय दिलं. लांडगा नाही, प्यूमा नाही. वीस वर्षांत हरणं इतकी वाढली की जंगलात खालचा हिरवा थर उरला नाही आणि हिवाळ्यात हरणं भुकेने मरू लागली. ओकची रोपटी हातभर उंच व्हायच्या आत खुडली जात. झुडपांत घरटी करणाऱ्या पक्ष्यांना जागा राहिली नाही. शेवटी माद्यांचा हंगाम सुरू करावा लागला. आजही वनखातं तोडलेल्या पट्ट्याभोवती आठ फुटी कुंपण घालतं तेव्हा आतबाहेरचा फरक बघून घ्या. आत कोवळी झाडं दाटलेली, बाहेर नुसता नेचा. हरणं खाणारा शिकारी प्राणी आपणच संपवला असेल, तर त्याच्या वाटणीचं काम कुणीतरी मोजून मापून करायलाच हवं.

आता एक गोष्ट जवळून पाहा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला त्यांचा परवाना दाखवला. प्लास्टिकच्या पाकिटात घडी घातलेला लांबलचक कागद, त्याला जोडलेले टॅग, पाकिटात एक बॉलपेन आणि एक दोरीचा तुकडा. पेन कशाला, तर हरीण पडलं की ते जागेवरून हलवण्याआधी टॅग भरायचा. तारीख, वेळ, काउंटी, टाउनशिप, शिंगांचे फाटे. शाईनेच. मग तो टॅग हरणाच्या कानाला बांधायचा, आणि मांस कापून होईस्तोवर तो तिथेच राहिला पाहिजे. दहा दिवसांत कमिशनला कळवायचं. थंडीत शाई गोठते म्हणून ते पेन सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतात. आसपास मैलभर माणूस नाही, तपासायला कुणी नाही, बोटं बधिर झालेली, आणि हा माणूस बर्फात गुडघे टेकून वेळेच्या रकान्यात मिनिटं लिहितो आहे. ते सांगत होते तेव्हा मला राहून राहून वाटत होतं, की रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला थांबणारी माणसं आपण वाखाणतो, यालाही वाखाणलं पाहिजे.

बाकीचे नियमही असेच चोख आहेत. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी. रात्री झोत टाकून हरणाला दिपवून मारणं गुन्हा. गाडीत भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा. राहत्या घरापासून 150 यार्डांच्या आत, घरात राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय बंदूक चालवणं गुन्हा. हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल वापरायची नाही. एका राज्यात परवाना गेला की आपसातल्या करारामुळे इतर राज्यांतही तो जातो. नदी ओलांडली की पाटी कोरी, असं होत नाही.

आणि पैसा? इथे खरी मेख आहे.

पेनसिल्व्हेनियाच्या गेम कमिशनला राज्याच्या सर्वसाधारण करातून पैसा मिळत नाही. परवान्यांची फी, कमिशनच्या जमिनीवरचं लाकूड आणि खनिज वायू, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून येणारा केंद्राचा वाटा, यावर ते चालतं. शिकारी बंदुका आणि काडतुसांवरचा कर, आज 11 टक्के असलेला, त्या कायद्याने राज्यांना वन्यजीवांसाठी वाटून दिला. एक अट अशी, की राज्याने परवान्याचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. मंदीच्या काळात झालेला कायदा आहे हा. सरकारं दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, तरी हा पैसा रस्त्यांकडे, पगारांकडे वळू दिला नाही. परवान्यांच्या पैशातून कमिशन तर 1920 पासूनच जमिनी घेत आलं होतं. आज स्टेट गेम लँड्स म्हणून सुमारे 15 लाख एकर रान आहे. तिथे फिरायला आपल्याकडून कुणी छदाम घेत नाही.

म्हणजे ते रान विकत घेतलं शिकाऱ्याने, राखतो शिकारी, आणि आपण तिथे थर्मासमधून चहा ओतत त्याला रानटी म्हणतो. याला मराठीत आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

पण माझं बोट दुसऱ्या बाजूलाही आहे. जो पैसा भरतो त्याचं चालतं, हा जगाचा न्याय कमिशनलाही लागू पडला. शिकाऱ्याला जे प्राणी हवे ते लाडके ठरले, आणि त्याच्या सावजावर डोळा ठेवणारे वैरी झाले. 1929 मध्ये याच पेनसिल्व्हेनियाने गॉसहॉक या ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या डोक्यावर 5 डॉलरचं बक्षीस लावलं. मंदीतले 5 डॉलर! किटाटिनीच्या डोंगरधारेवर शरद ऋतूत शिकारी पक्षी स्थलांतर करताना रांगेने जातात. तिथे लोक बंदुका घेऊन बसत आणि ओळखीपाळखीची तसदी न घेता दिसेल तो पक्षी पाडत. खाली जमिनीवर मेलेल्या पक्ष्यांचे ढीग. त्यांचे फोटो बघून न्यूयॉर्कची एक बाई हलली. रोझली एज तिचं नाव, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली. 1934 मध्ये तिने तो डोंगरच आधी भाड्याने आणि पुढे विकत घेतला, राखणदार बसवला आणि गोळीबार बंद पाडला. तेच आजचं हॉक माउंटन अभयारण्य. आपल्यातली किती कुटुंबं ऑक्टोबरात तिथे पानगळीचे रंग बघायला जातात, त्यांतल्या कितींना ही बाई ठाऊक आहे? 2021 मध्ये त्याच कमिशनने त्याच गॉसहॉकला नामशेष होण्याचा धोका असलेल्या पक्ष्यांच्या यादीत घातलं.

एजबाईंनी बंदूक उचलली नाही, नुसता तक्रारीचा सूरही लावला नाही. पदर खोचून पैसा उभा केला आणि जमीन घेतली. म्हणून तिचं ऐकावं लागलं. बिगरशिकाऱ्याचा शब्द रानाच्या कारभारात चालायचा असेल, तर त्याचाही पैसा त्यात असायला हवा. पुढे तर तो असावाच लागेल. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात 13 लाखांच्या आसपास परवाने जात, आता 9 लाखही जात नाहीत. फी वाढवणं विधिमंडळाच्या हाती, आणि साध्या परवान्याची फी 1999 पासून तिथेच आहे. जुने शिकारी म्हातारे होत आहेत, त्यांची नातवंडं शहरात गेली. परवाना काढणारेच उरले नाहीत तर 15 लाख एकरांची निगा कोण राखणार?

आता आपल्या घरातले नियम. हे शिकार न करणाऱ्यांनीच आधी पाठ करावेत.

15 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर या काळात गेम लँड्सवर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने, शिकारी नसला तरी, डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान 250 चौरस इंच भडक केशरी रंग अंगावर घालायचा असतो. तपकिरी जॅकेट आणि पांढरी टोपी घालून, मुलांना पुढे पळवत आपण जातो. हरणाच्या शेपटीचा खालचा भाग पांढरा असतो, हे तरी ध्यानात ठेवा. केशरी बनियन फार महाग मिळत नाही. घरातल्या प्रत्येकाला घ्या, कुत्र्यालाही घ्या.

"रविवारी शिकार बंद असते" हा आपल्याकडचा ठाम समज. होती बंद, 1873 पासून. 2019 च्या कायद्याने तीन रविवार मोकळे केले आणि 2025 च्या कायद्याने ती जुनी बंदी उठली. त्याच शरद ऋतूत बरेच रविवार शिकारीला खुले झाले. बाहेर पडण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक बघा.

आणि कृपा करून हरणांना पोळ्या, सफरचंदं, मका घालू नका. भूतदया म्हणून करता, कळतं मला. पण हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग पसरतो आहे, त्याला औषध नाही आणि लागण झालेलं हरीण वाचत नाही. 2012 मध्ये तो पेनसिल्व्हेनियात सापडला. एकाच थाळीत दहा हरणांनी तोंडं घातली की लाळेतून तो पसरतो. रोगाचे पट्टे आखलेले आहेत, तिथे हरणांना खायला घालणं बेकायदा आहे. अस्वलाला घालणं तर राज्यभर बेकायदा आहे.

एक इशारा सुट्टीवर भारतात जाणाऱ्यांना. अमेरिकेतला परवाना आणि प्रशिक्षणाचं कार्ड भारतात कागदाच्या कपट्याइतकंही चालत नाही. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा परवान्यावर शिकारीची थोडी वाट ठेवली होती. 1991 च्या दुरुस्तीने तीही बंद केली आणि ते योग्यच झालं. संस्थानिकांच्या मेजवान्यांनी आणि स्वातंत्र्यानंतरच्या जीपगाड्यांनी आपण चित्ता गमावला, वाघ गमावण्याच्या बेतात होतो. आज कायद्याच्या लेखी पकडणं, फासे लावणं, विष घालणं, तसा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. गावच्या शेतावर पार्टी म्हणून कुणी ससा, घोरपड, तितर मारतो म्हणाला तर त्याला जागच्या जागी थांबवा. पिकात घुसणाऱ्या रानडुकराचं वेगळं. त्याला कायद्यात परवानगीची तरतूद आहे. ती शेतकऱ्याला वेळेवर मिळत नाही म्हणून रात्री कुंपणात विजेची तार सोडली जाते, आणि त्या तारेला डुक्कर लागतं, वाघ लागतो, कधी शेजारचा माणूसही लागतो. 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ 'श्रीनिवास' हा वाघ असाच गेला. नियम कागदावर कडक असून भागत नाही. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला तो वापरता आला पाहिजे. पेनसिल्व्हेनियाच्या त्या टॅगमधून आपल्या वनखात्याने उचलण्यासारखं हे एवढं नक्की आहे.

तर अमेरिकेतल्या वाचकांकडे माझं एक मागणं आहे. 1934 पासून तिथे डक स्टॅम्प निघतो. पहिल्या स्टॅम्पचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं, किंमत 1 डॉलर होती. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या 16 वर्षांवरच्या प्रत्येकाला तो घ्यावाच लागतो, पण विकत कुणीही घेऊ शकतो. त्याच्या दर डॉलरमधले 98 सेंट थेट पाणथळ जागा घेण्यात आणि राखण्यात जातात. तो दाखवला की जिथे प्रवेशफी आहे अशा राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत आत जायला वेगळे पैसे पडत नाहीत. न्यू जर्सीकरांनी तर ग्रेट स्वॅम्प एकदा आठवावं. 1959 मध्ये तिथे विमानतळ करायचं घाटत होतं. आसपासच्या साध्या लोकांनी वर्गण्या काढून जमीन घेतली, सरकारला दान दिली, आणि दलदल वाचली. बंदूक हाती न घेता हे करता येतं.

गणपतीची वर्गणी आपण न मागता देतो. यंदा घरटी एक डक स्टॅम्पही घ्या. पोस्टात मिळतो, ऑनलाइन मिळतो, किंमत 25 डॉलर, मुदत पुढच्या 30 जूनपर्यंत.